खालची हजर

शनिवारी सकाळी आबांनी इस्त्री मागितली, तेव्हाच सुनेने ओळखलं की आज म्हातारा काहीतरी करून बसणार. एरवी चुरगळलेल्या सदऱ्यात सगळं गाव पालथं घालतील. कोट कपाटातून निघायचा तो दोनच कामांना. कुणाला पोचवायचं असलं तर, नाहीतर कुणाशी भांडायचं असलं तर.

"द्या इकडे, मी करते," ती म्हणाली.

"नको. बुधवारी तू पुष्कळ केलंस."

हे कौतुक की टोमणा, हे तिला बावीस वर्षांच्या संसारात अजून उलगडलेलं नव्हतं. सासऱ्यांचं बोलणं तार केल्यासारखं, शब्द मोजून. पलटणीत त्यांचं कामही बिनतारी संदेशांचं, म्हणून माजी सैनिक संघटनेत त्यांना सगळे वायरलेसच म्हणत.

बुधवारी तिने एक दार उघडलं होतं, एवढंच. दहाच्या सुमाराला एक गिऱ्हाईक धापा टाकत संघटनेच्या खोलीत आलं, की शिंपीणबाई दार उघडत नाहीत आणि आतून कण्हल्यासारखं ऐकू येतंय. सुनेने भिंतीवरच्या फळीवरून एक्क्याऐंशी नंबरची किल्ली ओढली आणि चप्पल न घालता पळाली. बाई शिलाई मशीनच्या पायाशी फरशीवर पडल्या होत्या. खुबा मोडलेला, ओठ फुटलेले. सोमवारी रात्री आठपासून बुधवारी सकाळी दहापर्यंत. अडतीस तास. आणि संघटनेच्या वहीत त्यांच्या नावापुढे मंगळवारी सकाळी सातची बरोबरची खूण होती, बुधवारचीही होती. दोन्ही आबांच्या हातच्या.

ही सकाळची हजेरी आबांचीच कल्पना. बारा वर्षांपूर्वी संघटनेतला एक जुना ड्रायव्हर एकटाच राहायचा. तो गेला हे पाचव्या दिवशी दूधवाल्याला कळलं. आबांनी तेव्हा तीन दिवस अन्नाला हात लावला नव्हता, आणि चौथ्या दिवशी उठून चार फोन आणि एक वही मांडली. गावात जो कुणी एकटा राहतो, सैनिक असो नसो, त्याने घराची एक किल्ली संघटनेकडे द्यायची. रोज सकाळी सातला त्याला फोन जाणार. त्याने "हजर" म्हणायचं. तीनदा करूनही उचलला नाही, की किल्ली घेऊन माणूस निघणार. सुरुवातीला अकरा नावं होती, आता एकशे त्रेचाळीस झाली होती. खोलीच्या भिंतीवर आबांनी स्वतःच्या हाताने रंगवून ठेवलं होतं, "आवाज ज्याचा, हजेरी त्याची."

त्या भिंतीखाली बसून त्यांनी त्या दोन खुणा केल्या होत्या.

बुधवारपासून घरात कुणी धड जेवलं नव्हतं, आणि आबा फोनला शिवले नव्हते. हॉस्पिटलातही गेले नव्हते. कुठल्या तोंडाने जाणार?

"कोट कशाला?" धाकट्याने विचारलं. तो पाने आणि नळाचे तुकडे पिशवीत भरत होता. गावात त्याला नळवाला म्हणत, घरात धाकटा. बाप फौजेत, बहीण फौजेत, आणि याने पाइप जोडायचा धंदा धरला, म्हणून नातेवाइकांनी आयुष्यभर त्याला टोचून खाल्लं होतं.

"राजीनामा द्यायला."

"नुसता राजीनामा? बंदच करून टाका म्हणावं ते सगळं! अठ्ठ्याहत्तर वर्षांचे झालात. घरी बसा, नातवंडांना ओरडा, जगातले म्हातारे करतात ते करा की जरा."

"बंद होणार नाही."

"का नाही? माझ्या ऑपरेशनच्या दिवशी सकाळी सातला कुठे होतात?"

"फोनवर."

"मला केला होतात?"

"तू एकटा नव्हतास. तुझी बायको होती."

धाकट्याने पाना पिशवीत आपटला. सुनेला हसू आलं आणि ते तिने गिळलं, कारण नवऱ्याचे डोळे भरले होते. या घरात माणसं रडायच्या ऐवजी आपटाआपटी करतात, हे तिला आल्या वर्षीच कळलं होतं.

तेवढ्यात ताई आली. आबांची थोरली, वीस वर्षं सैनिकी दवाखान्यात नर्स होती. सगळं गाव तिला सिस्टर म्हणतं, आणि गेल्या वर्षापासून ती संघटनेची अध्यक्ष. बापाच्या संघटनेत बापावर अध्यक्ष! ती हॉस्पिटलातून थेट आली होती. बसली नाही, पाण्यालाही नको म्हणाली.

"ऑपरेशन नीट झालं. बोलतायत," ती म्हणाली. मग आबांकडे वळली. "आबा, मंगळवारी सकाळी बाई फोनवर काय म्हणाल्या?"

"वहीत आहे."

"वहीत खूण आहे. आवाज नाही."

आबांनी इस्त्रीची वायर गुंडाळली, अगदी नीट, वेढ्यावर वेढा. "सभेत बोलेन," म्हणाले, आणि कोट हातावर घेऊन निघून गेले. अजून दीड तास होता सभेला.

"बघितलंस?" ताई म्हणाली. "बाप माझाच, पण गाढवाचा हट्ट बरा."

"ताई," सून म्हणाली. तिने आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग दाराकडे. "त्यांनी बाईंना फोन केलाच नव्हता." धाकटा गर्रकन वळला.

"काय?"

"मी शेजारच्याच फोनवर असते. गेले सात-आठ महिने एक्क्याऐंशी नंबरला फोन जातच नाही. बाई सुभेदारांच्या खाली राहतात ना. आबा सुभेदारांना फोन लावतात. तिकडून साहेब म्हणतात, सुभेदार हजर, खालची हजर. की ठेवतात फोन. आबा दोन खुणा करतात."

"आणि तू आत्ता सांगतेस?" धाकटा ओरडला.

"मला वाटलं, त्यांचं ते पलटणीतलं काहीतरी असेल! सुभेदारांचं नाव काढलं की हे खुर्चीतून अर्धे उठतात फोनवर. मी कोण बोलणार? आणि बुधवारपासून वाटतंय की बोलले असते तर..." ताईने तिचा हात धरला आणि सोडला नाही.

"चूक तुझी नाही. पण आता गप्प बसलीस तर होईल," ताई म्हणाली. "सभेत ते खरं सांगतात का बघू. सांगितलं तर मी त्यांच्या बाजूने."

"आणि नाही सांगितलं तर?" धाकट्याने विचारलं.

"तर मी अध्यक्ष आहे."

*

संघटनेची खोली म्हणजे पूर्वीचा छापखाना. अजून जमिनीत शाई मुरलेली, पावसाळी हवेत वास उठतो. दहा वाजता साठ-पासष्ट माणसं बसली होती, काही उभी. पुढच्या रांगेत सुभेदार, अठ्ठ्याऐंशी वर्षांचे, पाठ खुर्चीला न टेकता. कुणी नमस्कार केला की ते मान तुकवत.

कॅप्टनने सुरुवात केली. संघटनेतला तो त्यातल्या त्यात तरुण, म्हणजे पंचावन्नचा. माणूस वाईट नाही, पण प्रत्येक दुखण्यावर त्याच्याकडे यंत्र असतं.

"हजेरी माणसाकडून काढून घ्या," तो म्हणाला. "यंत्र सगळ्यांना एकाच वेळी फोन करेल. ठीक असाल तर एक दाबा. मानवी चुकीचा प्रश्नच नाही."

"आणि मेलो असलो तर दोन दाबू का?" मागून कुणीतरी विचारलं. खोली हसली. कॅप्टनही हसला, पण बसला नाही.

"हसा. ती बाई अडतीस तास फरशीवर होती. यंत्राने भिडस्तपणा केला नसता."

धाकटा भिंतीला टेकून उभा होता. कॅप्टन बोलतो ते त्याला पटत होतं. करा यंत्र, सोडवा माझ्या बापाला, एवढंच त्याच्या मनात होतं. मतदान झालं तर हात वर करायचा, हे त्याने येतानाच ठरवलं होतं. बायको शेजारी उभी होती, तिला ते सांगायचा धीर मात्र झाला नव्हता.

आबा उभे राहिले. कोटाची इस्त्री अशी, की घडीवर बोट कापावं. कागद काढला आणि वाचला. "मंगळवार आणि बुधवारची खूण मी केली. फोन न करता केली. कारण आळस. दुसऱ्या कुणाचा संबंध नाही. मी पद सोडतो."

आळस! या माणसाला बारा वर्षांत कुणी सातला एक मिनिट उशिरा आलेलं पाहिलं नव्हतं.

ताईने कागद घेतला नाही. "आळस?" ती म्हणाली.

"हो."

"आबा, परत एकदा विचारते. तुम्हाला बाई हजर आहेत असं कुणी सांगितलं?"

"कुणी नाही."

आता काय करायचं हे तिला ठाऊक होतं, आणि ते करावं लागू नये असं सकाळपासून वाटत होतं. हॉस्पिटलातून चालत येताना ती दोनदा रस्ता चुकली होती.

"मग मी सांगते," ती म्हणाली. "मला बाईंनी आज सकाळी सांगितलं. त्या फरशीवर पडल्या होत्या. फोन टेबलावर, हात पोचत नव्हता. पण त्या घाबरल्या नव्हत्या. सगळी रात्र त्यांनी एकाच आशेवर काढली, की सात वाजता हजेरी आहे, मी उचलणार नाही, माणसं येतील. सात वाजले. त्यांचा फोन वाजला नाही. वरचा वाजला. आणि छतातून त्यांना स्पष्ट ऐकू आलं. सुभेदार हजर, खालची हजर. त्या ओरडल्या. घसा फुटेपर्यंत ओरडल्या. मग त्यांनी ओरडणं बंद केलं. मला म्हणाल्या, सिस्टर, हजेरी लागली होती हो माझी, आता कोण येणार?"

सुनेने पदर तोंडाला लावला. मागच्या रांगेत एक म्हातारा चष्मा पुसत बसला, पुसतच बसला.

"आणि बुधवारी परत," ताई म्हणाली. "परत तेच दोन शब्द."

आबांनी कागदाची घडी घातली. "त्यांचं नाव घेऊ नकोस," ते हळू बोलले. पण सगळ्यांनी ऐकलं. "तू जन्मलीस त्या पहाटे मी रजेविना छावणी सोडली होती. तुझी आई एकटी होती. सकाळी हजेरी घेणारे तेच. माझं नाव आलं तेव्हा त्यांनी स्वतःच हजर म्हटलं आणि पुढचं नाव वाचलं. नाहीतर मी कोठडीत गेलो असतो. त्या माणसाने मला खालची हजर म्हणून सांगितलं, तर मी काय विचारणार होतो? तुम्ही खात्री केलीत का, साहेब?"

ही गोष्ट ताईने दर वाढदिवसाला ऐकली होती. हसत हसत सांगायचे आबा. आज पहिल्यांदा ती हसायची गोष्ट वाटली नाही.

"हो," ती म्हणाली. "हेच विचारायचं होतं. माझ्या वेळची खोटी हजेरी लागली ती तुम्हाला आईकडे जाता यावं म्हणून. आणि ही लागली, म्हणून कुणीच गेलं नाही. दोन्ही एका मापाने मोजू नका, आबा."

आबा बसले.

या सगळ्या वेळात सुभेदार ताठ बसून समोर बघत होते. चेहऱ्यावरची रेष हललेली नव्हती. एखाद्याला वाटेल, काय दगडाचं काळीज आहे! ताईने वीस वर्षं कान-घसे-डोळे पाहिलेले. तिने खडू घेतला आणि फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, "साहेब, तुम्हाला ऐकू येतं का?"

सुभेदारांनी वाचलं. खोलीकडे एकदा मान वळवून पाहिलं, सगळी तोंडं आपल्याकडे आहेत हे पाहिलं, आणि मग उठले. उठायला वेळ लागला, पण उठले ते सावधानमध्ये.

"नाही," ते म्हणाले. आवाज फार मोठा होता, बहिऱ्या माणसाचा असतो तसा. "दीड वर्ष झालं. फोनवर कोण काय बोलतं, मला कळत नाही. सात वाजले की मी उचलतो आणि बोलतो."

आबांनी डोळे मिटले. दीड वर्ष ते रोज विचारत होते, चहा झाला का साहेब? उत्तर आलं नाही की त्यांना तो साहेबांचा करारीपणा वाटायचा.

ताईने फळा पुसून लिहिलं, "मग खालच्या बाई हजर, हे कसं कळायचं?"

"ठोके," सुभेदार म्हणाले. "ती रोज सातला पाच कमी असताना कापड मोजायच्या पट्टीने छताला ठोकते. पायाला कळतं. मी उठतो. ती आहे, हे मला कळतं, मी आहे, हे तिला. मंगळवारी ठोके नव्हते. नुसती थरथर होती. मी म्हटलं, म्हातारीचा हात थकला." ते थांबले. "बुधवारीही म्हटलं. मला उतरून बघता आलं असतं. चौदा पायऱ्या आहेत. पण बघितलं असतं, तर मला ऐकू येत नाही हे तिला कळलं असतं."

कुणी काही बोलायच्या आत भिंतीपाशी पिशवी पडल्याचा आवाज झाला.

"पंप," धाकटा म्हणाला.

"काय?" ताईने विचारलं.

"थरथर. पंपाची आहे ती." त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "त्या इमारतीचा नवा पंप मी बसवला सोमवारी दुपारी. सातला दहा कमी असताना सुरू होतो. त्याच्याखाली रबर घालायचं असतं, नाहीतर वरपर्यंत जमीन हलते. रबर संपलं होतं. म्हटलं पुढच्या आठवड्यात घालू, काय बिघडतंय?"

तो पुढे आला आणि बापासमोर उभा राहिला. त्याला काय बोलायचं होतं देव जाणे. बोलला ते एवढंच, "आबा, मी पण आहे यात."

आबांनी त्याच्याकडे पाहिलं. मग शेजारची खुर्ची सरकवली. पंचेचाळीस वर्षांत धाकटा संघटनेच्या सभेत पहिल्यांदा बसला, तोही बापाच्या शेजारी. सुनेच्या छातीवरचा धोंडा अर्धा उतरला. आता हा यंत्रासाठी हात वर करणार नाही, हे तिला न सांगता कळलं.

"मीही बोलते," ती पुढे येऊन म्हणाली. "मला आठ महिने दिसत होतं आणि मी गप्प होते. लिहा माझंही."

"बघा, म्हणून म्हणतो यंत्र..." कॅप्टन म्हणाला.

"यंत्राने एक दाबा म्हटलं असतं," सून म्हणाली, "आणि साहेबांनी सातच्या ठोक्याला एक दाबलं असतं. मेल्यावर सहा महिन्यांनीसुद्धा त्यांच्या सवयीने दाबलं गेलं असतं ते!"

या वेळी सगळ्यात मोठ्याने कॅप्टन हसला, आणि खाली बसला. "बरं, मग मला एक फोन द्या," म्हणाला. "सातला येतो मी."

मतदान झालं. हजेरी चालू राहणार, याला सगळे हात वर होते. एकाच्या वतीने दुसऱ्याने हजर म्हणायचं नाही, मग तो सुभेदार असो की सेनापती. ताईने ते वहीच्या पहिल्या पानावर आणि फळ्यावर लिहिलं. सुभेदारांनी फळा वाचला आणि स्वतःचा हात सगळ्यात वर धरला.

"आणि हा," आबांनी पुन्हा कागद पुढे केला.

ताईने तो घेतला, दोन तुकडे केले आणि परत दिला. "राजीनामा म्हणजे सुट्टी, आबा. सुट्टी नामंजूर. उद्या सकाळी सातला पहिला फोन तुम्ही करायचा. एक्क्याऐंशी नंबर. बाईंच्या उशाशी मी त्यांचा फोन ठेवून आलेय."

*

रविवारी सातला दोन मिनिटं कमी असताना आबांनी नंबर फिरवला आणि तोडला. मग सातला फिरवला. रात्रभर त्यांनी काय बोलायचं ते जुळवलं होतं. बाई, मी वायरलेस. बाई, माझी चूक झाली. या खानदानात सरळ माफी मागितल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही, त्यामुळे शब्द तोंडात बसत नव्हते.

फोन वाजत राहिला. कुणी उचलला नाही.

"झोपल्या असतील," धाकटा म्हणाला. तो गाडी घेऊन आला होता, कुणी न सांगता. काल संध्याकाळीच त्याने पंपाखाली रबर घातलं होतं.

दुसऱ्यांदा. नाही. तिसऱ्यांदा. नाही.

"हॉस्पिटलात आहेत त्या," कॅप्टन म्हणाला. "आजूबाजूला नर्सेस आहेत. इथे तरी नियम..."

आबा उठले होते. "तीन झाले," ते म्हणाले. "चल."

हॉस्पिटलच्या दारावरच्या शिपायाने भेटीची वेळ नाही म्हणून अडवलं, तेव्हा आबांनी त्याला पलटणीतली अशी एक शिवी दिली, की धाकट्याने ती पुढे वर्षभर घोकली. लिफ्ट बंद होती. तीन मजले. आबा दुसऱ्या मजल्यावर थांबले, छातीवर हात ठेवून दोन श्वास घेतले आणि पुढे गेले. ती मेली असेल, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. मी जाईपर्यंत ती मेली असेल.

शिंपीणबाई उशाला टेकून बसल्या होत्या. फोन मांडीवर. डोळे भिंतीवरच्या घड्याळाकडे.

"पहिल्या फोनपासून सव्वीस मिनिटं," त्या म्हणाल्या. आवाज अजून घोगरा होता.

आबा धापा टाकत खाटेपाशी आले. "फोन... का नाही..."

"येता का बघत होते."

"बाई!" धाकटा म्हणाला. "अहो, यांचा जीव गेला असता!"

"माझा गेला नाही, यांचा कसा जाईल? बसा."

आबा बसले नाहीत. "मी चुकलो," ते म्हणाले. रात्रभर जुळवलेलं काहीच आठवेना. "मी तुम्हाला फोन केला नाही. मी फार मोठी चूक केली, बाई. माझ्यामुळे तुम्ही..." आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांचा तो माणूस खाटेची कड धरून रडला. धाकट्याला कुठे बघावं कळेना. त्याने बापाच्या पाठीवर हात ठेवला.

बाईंनी त्यांना रडू दिलं. नको नको म्हणाल्या नाहीत. मग म्हणाल्या, "राग आहे मला. राहील अजून. खुबा जुळेपर्यंत तर नक्कीच राहील." आणि मग एकदम, "वर कोण गेलंय?"

"कुठे?"

"सुभेदारांकडे हो! मी इथे. सिस्टर त्या पंपाचं म्हणाल्या, त्याचं काय केलंत?"

"काल रबर घातलं," धाकटा म्हणाला. "आता हूं का चूं नाही."

"वा! मग आज त्यांना उठवलं कुणी?"

बापलेकांनी एकमेकांकडे पाहिलं. सगळी सभा, सगळे नियम, सगळे हात वर, आणि हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. धाकट्याच्या खिशात फोन वाजला. सूनच होती. "अहो, सुभेदार उचलत नाहीत. तीनदा झालं. कॅप्टनला पाठवू का?"

"आम्हीच जातो," आबा म्हणाले. दाराकडे वळलेसुद्धा.

"पट्टी मशीनच्या मागे आहे," बाई मागून म्हणाल्या. "वर जाऊन दार वाजवून उपयोग नाही, ऐकू येत नाही त्यांना. आणि किल्लीने उघडून एकदम समोर उभे राहिलात, तर दचकून पडतील. खालूनच ठोका. चार ठोके द्या. तिनांनी उठत नाहीत ते."

एक्क्याऐंशी नंबरची किल्ली बुधवारी बाईंना हॉस्पिटलात नेल्यापासून धाकट्याच्याच गाडीत होती. खोलीत अजून तिथलंच सगळं होतं. सरकलेली खुर्ची, फरशीवर सांडलेली बटणं. आबा मशीनच्या पायाशी उभे राहिले. बाई पडल्या होत्या नेमक्या त्याच जागी, कारण छतावर पट्टीचे वण तिथेच होते. त्यांनी चार ठोके दिले. वर काही हललं नाही. पुन्हा चार दिले, चुना डोक्यावर पडला.

मग वर खाट करकरली. पावलं, एक, दोन, सावकाश. सून तिकडून फोन करतच होती, तो वाजला, आणि छतातून आवाज आला.

"सुभेदार हजर."

इतका स्पष्ट! जणू माणूस याच खोलीत उभा होता. पुढे काहीच नाही. फोन ठेवल्याचा खट्ट आवाजसुद्धा आला. आबा वर बघत राहिले. हे बाईंनी दोनदा ऐकलं होतं, इथून, खालून, दोन्ही वेळा पुढच्या दोन शब्दांसकट. धाकट्याने त्यांच्या हातातून पट्टी काढून घेतली, तेव्हा त्यांना कळलं की ती आपण अजून वर धरून ठेवली आहे.

त्यांनी खिशातून फोन काढला आणि एक्क्याऐंशी नंबर लावला. पहिल्याच घंटीला उचलला गेला.

"बाई, वरचे ठीक आहेत."

"कुणी सांगितलं?"

"मी स्वतः ऐकलं. तुमच्या जागेवर उभा राहून ऐकलं."

पलीकडे वॉर्डातली भांडी वाजली, कुणीतरी खोकलं. आबा थांबले. त्यांनी विचारलं नाही, घाई केली नाही, काहीच गृहीत धरलं नाही.

"हजर," शिंपीणबाई म्हणाल्या. "लिहा."